मापनाचे प्रयोजन

ज्या घरात बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता अथवा अध्ययन अक्षमता असलेले मूल आहे, त्या घरात बहुधा एक जाड फाइल जतन करून ठेवलेली आढळते. तीत सरकारी रुग्णालयाने दिलेले दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असते, मानसशास्त्रज्ञाच्या सहीशिक्क्यानिशी आलेला बुद्ध्यंकाचा अहवाल असतो, वाचोपचारतज्ज्ञाचे शेरे असतात आणि शाळेची वर्षावर्षाची प्रगतिपत्रकेही असतात. या कागदांची योग्यता कमी लेखण्याचे कारण नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील ज्या सवलती किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीसच मिळू शकतात, त्या पदरात पडण्यास टक्केवारीचा दाखला लागतो, आणि परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक यांची मुभा मिळविण्यास तज्ज्ञाचा अहवाल लागतोच. तथापि एक साधा प्रश्न या सगळ्या दप्तरापुढे ठेवून पाहावा: येत्या सोमवारी पहिल्या तासाला या मुलास नेमके काय शिकवावे, आणि कोणत्या रीतीने शिकवावे? फाइल कितीही जाड असली तरी या प्रश्नाचे उत्तर तीत क्वचितच सापडते. ज्या मापनातून उद्याचा पाठ ठरत नाही ते मापन इतर कोणत्याही कामी उपयुक्त असो, शिक्षणाच्या दृष्टीने ते अपुरेच राहते, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. आणि ते पटण्यासाठी या शास्त्राचा थोडा पूर्वेतिहास, त्याची आजची साधने व वर्गातील त्यांचा प्रत्यक्ष विनियोग या तिहींकडे क्रमाने पाहणे इष्ट ठरेल.

बुद्धिमापनाचा उगम झाला तो वस्तुतः शिक्षणाच्याच गरजेतून. फ्रान्सच्या सार्वजनिक शिक्षणमंत्र्याने 1904 साली, सामान्य वर्गात मागे पडणाऱ्या मुलांच्या शिक्षणाची काय तजवीज करावी याचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली, आणि तिचे सभासद आल्फ्रेड बिने यांनी तेओडोर सिमाँ या आपल्या सहकाऱ्याच्या साहाय्याने 1905 मध्ये तीस प्रश्नांची एक श्रेणी सिद्ध केली. 1908 मध्ये या प्रश्नांची मांडणी वयोमानानुसार करण्यात आली, 1911 मध्ये तीत आणखी सुधारणा झाली, आणि त्याच वर्षी बिने निवर्तले. आपल्या श्रेणीतून निघणारा निष्कर्ष म्हणजे मुलाच्या त्या वेळच्या स्थितीची नोंद होय, त्याच्या जन्मजात मर्यादेचा तो निवाडा नव्हे, याविषयी त्यांचा कटाक्ष होता. बुद्धी ही कधीही न वाढणारी ठरीव राशी आहे असे मानणाऱ्या समकालीन पंडितांचा त्यांनी 1909 च्या आपल्या ग्रंथात कडक शब्दांत निषेध केला आणि अशा मुलांच्या वर्गांसाठी अवधान, स्मरण व इच्छाशक्ती यांना वळण लावणारे व्यायामही सुचविले. सर्व मुलांनी पुतळ्यासारखे निश्चल उभे राहावे आणि तो काळ दिवसेंदिवस वाढवीत न्यावा, हा त्यांतला एक. मागे पडणारे मूल ओळखावे, आणि ओळखताक्षणी त्याला पुढे नेण्याच्या उद्योगास लागावे, अशी ही मूळ योजना होती.

पुढील दशकात या योजनेचा पूर्वार्ध तेवढा जगभर पसरला. अमेरिकेत न्यू जर्सीतील व्हाइनलंड येथील संस्थेत काम करणाऱ्या हेन्री गोडार्ड यांनी ही श्रेणी इंग्रजीत आणली. जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी 1912 मध्ये मानसिक वयास शारीरिक वयाने भागण्याची कल्पना मांडली. आणि 1916 मध्ये स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी केलेल्या सुधारित आवृत्तीमुळे बुद्ध्यंक हा शब्द सर्वतोमुखी झाला. एका आकड्यात मूल बसविता येते, हा मोह विद्वानांना आणि कारभाऱ्यांना सारखाच आवरला नाही. आपल्याकडे मुंबई इलाख्यातील धारवाड येथे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या श्रेणीचे कन्नड व मराठी मुलांसाठी परिश्रमपूर्वक अनुकूलन केले, आणि भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ 1940 मध्ये प्रसिद्ध झाला. परक्या भाषेतील प्रश्न जसेच्या तसे आपल्या मुलांपुढे ठेवू नयेत, हा विवेक त्या काळी दाखविणाऱ्या या कार्याचे मोल मोठे आहे, आणि बिने-कामत चाचणीचे नाव आजही आपल्या दवाखान्यांतून ऐकू येते. परंतु ही चाचणीदेखील मुलाचे स्थान सांगते, त्याची पुढची पायरी सांगत नाही.

प्रश्नाचा रोख बदलण्याचे पहिले महत्त्वाचे पाऊल पडले ते त्याच व्हाइनलंडमध्ये. 1935 मध्ये एडगर डॉल यांनी सामाजिक परिपक्वतेची एक श्रेणी प्रसिद्ध केली, आणि तीत कोड्यांची उकल विचारण्याऐवजी मूल स्वतःच्या हाताने जेवते काय, कपडे घालते काय, एकटे शेजारच्या घरी जाऊन येते काय, पैसे हाताळते काय, अशा व्यवहारातील गोष्टींची विचारपूस आईबापांकडे करण्यात आली. नागपूर येथे ए. जे. मॅलिन यांनी या श्रेणीचे भारतीय परिस्थितीस अनुरूप असे रूपांतर केले, आणि मुलांसाठी त्यांनी तयार केलेली बुद्धिमापन श्रेणीही 1969 पासून देशभर वापरात आहे. या स्थित्यंतराचे मर्म असे की बुद्ध्यंक वाढवावा कसा हे कोणी शिक्षकास सांगू शकत नाही, पण मूल सदऱ्याची बटणे लावू शकत नाही असे एकदा कळले, म्हणजे बटणे लावावयास शिकविता येते.

याच विचाराचा पुढील विकास भारतात ज्या साधनांतून झाला, त्यांची नावे विशेष शिक्षकांना परिचित असली तरी सामान्य वाचकांस ती सहसा माहीत नसतात. मद्रासच्या विजय ह्यूमन सर्व्हिसेस या संस्थेत पी. जयचंद्रन आणि व्ही. विमला यांनी तयार केलेल्या पद्धतीत जीवनव्यवहाराची अठरा क्षेत्रे कल्पिली असून प्रत्येकात सोप्याकडून कठिणाकडे जाणारी वीस कौशल्ये, याप्रमाणे एकंदर 360 कौशल्यांची तपासणी होते. मूल एखादी गोष्ट करते की करीत नाही एवढेच नोंदवावयाचे असल्यामुळे, 'करते' जेथे संपते आणि 'करीत नाही' जेथे सुरू होते ती सीमारेषा कागदावर स्पष्ट दिसते, आणि त्या सीमारेषेवर शिक्षणास प्रारंभ करावा असा संकेत आपोआप मिळतो. सिकंदराबाद येथे 1984 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थानात रीटा पेशावरिया व एस. वेंकटेशन यांनी 1992 मध्ये बनविलेल्या श्रेणीत सात क्षेत्रांतील 280 कौशल्ये आहेत, आणि त्यांची नोंद केवळ होय-नाही अशी न करता मूल पूर्णतः परावलंबी आहे, हात धरून करवून घ्यावे लागते, तोंडी सांगावे लागते, नुसती खूण पुरते, की ते सर्वस्वी स्वतंत्र आहे, अशा चढत्या प्रतवारीने गुण द्यावयाचे असतात. त्याच संस्थेत जयंती नारायण व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेल्या कार्यात्मक पडताळा सूचीत पूर्वप्राथमिकापासून व्यवसायपूर्व शिक्षणापर्यंतच्या पायऱ्या आखल्या असून, एका पायरीवरील ऐंशी टक्के कौशल्ये साध्य झाली म्हणजे मुलास पुढील पायरीवर न्यावे असा दंडक आहे. या सूचीतील एक रकाना विशेष मननीय आहे: मूल एखादी गोष्ट करीत नाही याची नोंद निराळी, आणि ती करण्याचा प्रसंगच त्याच्यावर आजवर आलेला नाही याची नोंद निराळी.

हा भेद वरवर किरकोळ वाटेल. परंतु एखाद्या उदाहरणाने त्याचे महत्त्व ध्यानी येईल. समजा, दहा वर्षांची एक मुलगी विशेष शाळेत दाखल झाली आणि तिच्या कागदावर 'हात धुणे – 50 टक्के' अशी नोंद झाली. या आकड्यावरून शिक्षकास काहीच उमगणार नाही. त्याने हीच क्रिया घटकांत विभागावी: बाह्या सारणे, नळ सोडणे, हात ओले करणे, साबण घेणे, तळवे व बोटे चोळणे, साबण जागेवर ठेवणे, हात स्वच्छ धुणे, नळ बंद करणे, रुमालाने पुसणे, आणि तीन-चार दिवस प्रत्येक घटकापुढे मदतीची प्रतवारी टिपावी. कदाचित असे निष्पन्न होईल की साबण लावण्याचे सर्व घटक ती बिनबोभाट पार पाडते, आणि अडते ती केवळ नळाशी, कारण तिच्या घरी नळच नाही. मोरीत बादली आणि तांब्या असतो. अशा मुलीस आठवडेच्या आठवडे 'हात धुणे' शिकवीत बसणे म्हणजे जे येते तेच पुनःपुन्हा शिकविणे होय, आणि तिला नळाची कळ उमजण्यास दोन दिवसही लागणार नाहीत. याउलट, तशीच नोंद असलेल्या दुसऱ्या एखाद्या मुलीचा साबण चोळण्याच्या घटकाशीच दररोज हात धरावा लागतो असे दिसले, तर अडचण बोटांच्या हालचालींची असू शकते, आणि तेथे व्यवसायोपचारतज्ज्ञाचा सल्ला घेणे क्रमप्राप्त ठरते. दोन्ही मुलींचे कागद एकच टक्केवारी दाखवितात. दोघींचे पाठ मात्र सर्वस्वी भिन्न होतात.

तपासणी झाली म्हणजे निवडीचा प्रश्न येतो, आणि येथे अनुभवी शिक्षकाची कसोटी लागते. शेकडो कौशल्यांपैकी दीडशे मुलास येत नाहीत असे निघाले, तरी त्या दीडशेंची यादी म्हणजे आराखडा नव्हे. तिमाहीसाठी चार-पाच उद्दिष्टे पुरेशी असतात. आणि ती निवडताना कोणते कौशल्य मुलाच्या दैनंदिन जीवनात लगेच कामी येईल, कोणत्या कौशल्याची पूर्वतयारी झालेली आहे, त्याच्या वयास काय शोभते, आणि घरच्यांना कोणत्या गोष्टीची सर्वांत निकड वाटते, या चार बाबींचा विचार करावा लागतो. चौदा वर्षांच्या मुलाकडून लाकडी मणी ओवून घेण्यापेक्षा त्याला बसचा क्रमांक ओळखता येणे अधिक मोलाचे, हे कोणतीही श्रेणी सांगणार नाही. ते शिक्षकाने आणि पालकांनी एकत्र बसून ठरवावयाचे असते. उद्दिष्टाचा मसुदाही मोघम असता कामा नये. 'मुलास पैशाचे ज्ञान होईल' या वाक्याची रुजुवात कोणी कशी करावी? 'पाच, दहा व वीस रुपयांच्या नोटा समोर ठेवल्या असता मूल सांगितलेली नोट दहांपैकी नऊ वेळा, कोणाच्याही मदतीवाचून, सलग तीन दिवस उचलून देईल' असे म्हटले, म्हणजे उद्दिष्ट साध्य झाले की नाही याविषयी दोन माणसांत मतभेदास जागा उरत नाही. यशाची सीमाही कौशल्याकौशल्यागणिक बदलते: शब्द ओळखण्यात दहांपैकी आठ पुरतील, पण रस्ता ओलांडण्यात दहांपैकी आठ म्हणजे दोन वेळा जिवावरचा प्रसंग.

अशा आराखड्यास कायद्याचे अधिष्ठान प्रथम मिळाले ते अमेरिकेत. 29 नोव्हेंबर 1975 रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी स्वाक्षरी केलेल्या अधिनियमाने प्रत्येक विकलांग मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा सक्तीचा केला. मुलाची सद्यःस्थिती, वर्षभरात गाठावयाची मापनीय उद्दिष्टे, त्यासाठी पुरवावयाच्या सेवा, आणि प्रगती कशी मोजली जाईल याचा तपशील त्यात नमूद करावा लागतो. वर्षातून किमान एकदा त्याचे पुनरावलोकन होते. आणि बैठकीत आईबाप हे केवळ श्रोते नसून सभासद असतात. तरीही कागद आणि करणी यांतील अंतर तेथेही राहिलेच. कोलोरॅडो राज्यातील एका स्वमग्न मुलाच्या आराखड्यात वर्षानुवर्षे तीच ती उद्दिष्टे उतरून काढलेली आहेत, अशी त्याच्या पालकांची तक्रार होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि नाममात्र प्रगती झाली एवढ्यावर शाळेची जबाबदारी संपत नाही, मुलाच्या परिस्थितीचा विचार करता त्याची योग्य प्रगती होईल असाच आराखडा असला पाहिजे, असा एकमुखी निर्णय मार्च 2017 मध्ये न्यायालयाने दिला. जी उद्दिष्टे दरसाल जशीच्या तशी राहतात ती मुलाच्या मंदगतीचा पुरावा मानावी की शाळेच्या, हा प्रश्न या निर्णयाने सर्वांपुढे ठेवला, आणि तो आपणही स्वतःस विचारण्याजोगा आहे.

वार्षिक तपासणीची उणीव अशी की ती उशिरा बोलते. मार्चमध्ये कळले की जूनपासूनची पद्धत चुकली, तर मुलाचे वर्ष कोणी भरून देत नाही. व्यापारी पेढीवर रोजची किर्द लिहिल्यावाचून खतावणी बिनचूक होत नाही, तोच न्याय येथे लागतो. मिनेसोटा विद्यापीठातील स्टॅन्ली डेनो यांनी 1970 नंतरच्या दशकात याच उणिवेवर उपाय शोधला. फिलिस मर्किन यांच्यासह 1977 मध्ये त्यांनी शिक्षकांसाठी जे मार्गदर्शक पुस्तक तयार केले त्याचा गाभा अगदी साधा होता: आठवड्यातून एकदोनदा मुलास त्याच्या अभ्यासक्रमातील उतारा एक मिनिट मोठ्याने वाचावयास द्यावा, बिनचूक वाचलेले शब्द मोजावे, तो आकडा आलेखावर मांडावा, आणि आरंभबिंदूपासून उद्दिष्टापर्यंत एक सरळ रेषा ओढून ठेवावी. मोजण्यास एक मिनिट, मांडण्यास एक मिनिट, एवढाच काय तो खर्च.

या पद्धतीचे फळ किती, याचा हिशेब लिन फुक्स आणि डग्लस फुक्स या दांपत्याने 1986 मध्ये एकवीस नियंत्रित अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून मांडला. जेथे अशी नियमित नोंद ठेवून अध्यापन झाले तेथे सरासरी परिणाममान 0.70 इतके आढळले. म्हणजे तुलनेच्या गटात शंभरांपैकी पन्नासाव्या स्थानी असणारे मूल या पद्धतीने शहात्तराव्या स्थानाच्या आसपास पोचेल, असा त्याचा स्थूल अर्थ. परंतु त्याहूनही उद्बोधक होता तो त्यामागील तपशील. जेथे आकडे नुसते वहीत उतरवून ठेवले तेथे परिणाममान 0.26 एवढेच भरले, आणि जेथे त्यांचा आलेख काढला तेथे ते 0.70 होते, आकड्यांचा अर्थ शिक्षकाच्या मर्जीवर सोडला तेथे 0.42, आणि अमुक घडल्यास अध्यापन बदलावयाचेच असा नियम आधीच बांधून घेतला तेथे 0.91. नोंद करण्याने मूल शिकत नाही. नोंदीस कौल मागून त्याप्रमाणे वागण्याने शिकते, असाच याचा सारांश निघतो. असा एक सर्वमान्य नियम म्हणजे चार बिंदूंचा: सलग चार मापने उद्दिष्टरेषेखाली पडली तर शिकविण्याची रीत बदलावी, सलग चार रेषेवर गेली तर उद्दिष्टच उंचवावे.

हा नियम मराठी वर्गात कसा चालेल, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. तिसरीतील एक मुलगा मिनिटास अठरा शब्द बिनचूक वाचतो, आणि वीस आठवड्यांत त्याने अडतीस शब्दांपर्यंत जावे असे ठरले. म्हणजे आठवड्यास एक शब्दाची वाढ अपेक्षित आहे. पहिल्या चार आठवड्यांची मापने अठरा, एकोणीस, अठरा, एकोणीस अशी आली, तर चारही बिंदू रेषेखाली आहेत, आणि आणखी महिनाभर वाट पाहण्याचे प्रयोजन उरत नाही. आता शिक्षकाने चुकांची जातवारी लावावी. मूल काना, वेलांटी, उकार सहज वाचते, परंतु 'सूर्य' या शब्दाशी थबकून 'सूरय' म्हणते, 'पुस्तक' ऐवजी 'पुतक' वाचते, 'वर्ग' आणि 'व्रण' यांतील रफार व रकार यांची गल्लत करते असे दिसले, तर व्याधी वाचनाच्या एकंदर मंदतेची नसून जोडाक्षरांची आहे, हे उघड होते. मग दररोज आणखी दोन पाने वाचून घेण्याची शिक्षा त्यास न देता, दहा मिनिटे जोडाक्षरांची फोड आणि जुळणी, तीही आधी उभ्या दंडाची अक्षरे, नंतर रफार, नंतर रकार अशा क्रमाने करून घ्यावी, आणि पुढील चार बिंदू काय सांगतात ते पाहावे. मात्र इंग्रजी शाळांतील शब्दसंख्येची कोष्टके मराठीस लावू नयेत. विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये जोडून आपले शब्द लांब होतात, आणि एका शब्दात वाचकास अधिक अक्षरे ओलांडावी लागतात. मुलाची तुलना त्याच्याच मागील आठवड्याशी केली म्हणजे या अडचणीचे बव्हंशी निराकरण होते.

अध्ययन अक्षमतेच्या निदानासाठीही स्वभाषेतील साधन असणे आवश्यक असते, कारण इंग्रजी माध्यमात दोन वर्षे काढलेले मराठी मूल इंग्रजीत अडखळते ते अक्षमतेमुळे की अपरिचयामुळे, हे इंग्रजी चाचणीने कळत नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी जे वाचनअक्षमता-चाचणीचे साधन विकसित केले, त्यात हिंदी, कन्नड व इंग्रजी यांच्याबरोबर मराठीचाही समावेश आहे. निदान झाल्यावर काम संपले असे मात्र समजू नये. निदानाने दार उघडते, आत काय करावयाचे ते साप्ताहिक नोंद सांगते.

वर्तनाच्या बाबतीत तर नोंदीवाचून निर्णय घेणे अन्यायाचेच ठरते. वह्या फेकणाऱ्या मुलास हट्टी ठरविणे सोपे असते. पण आठवडाभर प्रत्येक प्रसंगाची वेळ, त्याआधी काय घडले आणि त्यानंतर मोठ्यांनी काय केले, हे तीन रकान्यांत लिहून पाहावे. फेकाफेक बहुधा लेखनाच्या तासाला होते, आणि प्रत्येक वेळी मुलास वर्गाबाहेर उभे केले जाते, असे त्यातून दिसले, तर शिक्षा म्हणून आपण जे देतो तेच त्या मुलाला हवे होते, हे ध्यानात येईल: लेखनापासून सुटका. मग उपाय दोन बाजूंनी करावा लागतो. लेखनाचे काम त्याच्या आवाक्यात येईल इतके लहान करावे, आणि थकवा आल्यास कार्ड दाखवून किंवा हात वर करून विश्रांती मागावयास त्यास शिकवावे. फेकण्याची गरज संपली की फेकणे ओसरू लागते.

या सर्व मापनास काही पथ्येही आहेत. मुलाची दृष्टी आणि श्रवण यांची तपासणी झाल्याखेरीज कोणतीही शैक्षणिक चाचणी घेऊ नये. ज्यास फळा दिसत नाही त्याचे वाचन मोजून काय साधणार? झटके थांबविण्याच्या औषधांनी येणारी सुस्ती, अपुरी झोप, अपरिचित खोली व अपरिचित परीक्षक यांचा परिणाम लक्षात घेऊन एका दिवसाच्या मापनावर कधीही भिस्त ठेवू नये. घरी अहिराणी, पावरी, गोंडी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलास पुस्तकी मराठीत प्रश्न विचारून 'समजत नाही' असा शेरा मारणे म्हणजे परीक्षकाची उणीव मुलाच्या नावे जमा करणे होय. महत्त्वाच्या कौशल्यांची नोंद मधूनमधून दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे करून ताडून पाहावी, म्हणजे शिक्षकाच्या मायेने वा कंटाळ्याने पडलेला फरक उघडकीस येतो. आणि मुलाची नोंद ही त्याची खाजगी बाब असल्यामुळे ती वर्गाच्या भिंतीवर टांगणे किंवा इतर पालकांसमोर वाचणे सर्वथा अनुचित होय. नोंदींचा भारही बेताचाच असावा. दहा मुलांच्या प्रत्येकी तीस रकान्यांत खुणा करणारा शिक्षक अखेरीस संध्याकाळी आठवणीने रकाने भरू लागतो, आणि तेथे मापनाचा अंत होऊन कारकुनी सुरू होते.

महाराष्ट्रास हे काम नवे नाही. मुंबईत 1944 मध्ये सुरू झालेली जय वकील शाळा बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी काम करणाऱ्या देशातील जुन्या संस्थांपैकी एक असून, तेथे तयार झालेला अभ्यासक्रम 'दिशा अभियान' या नावाने शासनाच्या सहकार्याने राज्यातील विशेष शाळांत पोचविला जात आहे. कायद्याचेही पाठबळ आहे. 2016 च्या अधिनियमाच्या सोळाव्या कलमाने शिक्षणसंस्थांवर, अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापनोपाय योजण्याची आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग व प्रगती यांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी टाकलेली आहे. आणि एकतिसाव्या कलमाने सहा ते अठरा वर्षे वयाच्या, किमान 40 टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. साधने आहेत, कायदा आहे, प्रशिक्षित विशेष शिक्षकही आहेत. उणीव आहे ती कागदावरील नोंद आणि फळ्यावरील पाठ यांना जोडणाऱ्या वहिवाटीची. सर्वसामान्य शाळेत तर ही उणीव अधिकच जाणवते, कारण तेथे विशेष शिक्षक आठवड्यातून एखादा दिवस येतो आणि उरलेले दिवस मूल वर्गशिक्षकाच्या हाती असते. दोघांमध्ये एकच वही फिरली नाही, तर दोघांचे प्रयत्न परस्परांस अनोळखी राहतात.

ही वहिवाट पाडण्यास शासकीय फर्मानाची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षकांनी आपल्या नोंदवहीतील प्रत्येक रकान्यास विचारावे, की गेल्या तीन महिन्यांत तुझ्यामुळे माझा कोणता निर्णय बदलला. ज्या रकान्याजवळ उत्तर नाही तो खुशाल काढून टाकावा, आणि वाचलेला वेळ एका मुलाच्या एका आलेखास द्यावा. पालकांनी पुढील बैठकीस जाताना टक्केवारी विचारण्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात: माझ्या मुलास गेल्या महिन्यात कोणती गोष्ट मदतीशिवाय करता येऊ लागली, जी येत नाही ती शिकविण्याची रीत तुम्ही केव्हा आणि कशी बदललीत, आणि घरी मी त्यातला कोणता भाग करून घेऊ? या प्रश्नांची उत्तरे ज्या शाळेत वहीत पाहून देता येतात, तेथे मुलांचे मापन योग्य हेतूने चालले आहे असे निःशंकपणे समजावे. आणि जेथे ती देता येत नाहीत, तेथे ती मिळेपर्यंत पालकांनी विनयाने पण चिकाटीने विचारीतच राहावे.